दुकानाच्या दारापर्यंत

१२ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. तू नसताना तुझ्या खोलीत उंदरांनी बिऱ्हाड थाटलं होतं हे बाबांना वाचून दाखवलं, तेव्हा दवाखान्यात आल्यापासून ते पहिल्यांदा हसले. तुझ्या बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही ते एका परीनं बरंच आहे. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तू इथे होतास तेव्हाही आपण दोघं औषधं, डबे आणि डॉक्टर काय म्हणाले एवढंच बोलत राहिलो. तू विचारलं नाहीस आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून आता जसं झालं तसं लिहिते.

गोटूला दात येतायत. रात्रभर रडतो आणि आम्ही नवराबायको आळीपाळीनं त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतो. आमच्या बेकराला पहाटे भट्टीवर जायचं असतं, म्हणजे त्याची झोप आधीच अर्धी. त्या दुपारी गाडीत बसल्याबसल्या गोटूचा डोळा लागला. मला लॉन्ड्रीतून बेकरीचे पांढरे कोट घ्यायचे होते. बाबा चालत तिथेच यायचे होते, त्यांना घेऊन मग सगळे घरी. लॉन्ड्रीच्या दारात जागा नव्हती म्हणून गाडी जरा वर, झाडाखाली लावली. रस्ता उताराचा आहे, तू पाहिलास. हँडब्रेक ओढला, काचा थोड्या खाली केल्या, चावी घेतली. भिंगरीला म्हटलं, गोटूकडे लक्ष ठेव, मी ही आलेच. सहा वर्षांची आहे, पण केवढी शहाणी.

दादा, मी विसरले नव्हते, वेंधळेपणाही केला नव्हता. विचार करून उतरले. झोपलेलं पोर उठवून रडवायचं, की पटकन जाऊन यायचं, असं मनाशी ठरवलं आणि ते मला बरोबरच वाटलं. आता तेच मला खातंय. चुकून झालं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं.

दुकानात गर्दी होती आणि कोट सापडेनात. मग बाहेर आरडाओरडा झाला. मी आले तेव्हा गाडी दुकानापुढून घसरत खाली भिंतीपाशी जाऊन थांबली होती. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये बाबा होते.

पोरांना साधं खरचटलंही नाही. गोटू मागे पट्ट्यात तसाच होता, भोकाड पसरून. भिंगरी पुढे आली होती, ड्रायव्हरच्या सीटवर. हँडब्रेक खाली होता. बाबांनी म्हणे गाडी येताना पाहिली, आत पोरं पाहिली आणि दोन्ही हात पुढे करून सरळ तिच्या आडवे गेले. पुढचं तुझ्यासमोर झालं. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल या कागदावर सही तूच केलीस.

चौकशीला पोलिसबाई आल्या होत्या. समज देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या की हे रोज कोणी ना कोणी करतं, ज्यांचं निभावतं त्यांची नावं आम्हाला कळत नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

भिंगरी त्यातलं एक अक्षर बोललेली नाही. मला वाटतं मीच तिच्याशी बोलावं. पण काय बोलू आणि कुठून सुरू करू? तू सांग.

माझ्यावर लोभ उरला आहे का, हे विचारायला धीर होत नाही. असेल तर राहू दे.

तुझी,
ठकू


२४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तू आडपडदा न ठेवता लिहिलंस, तर मीही तसंच लिहितो. राग आला तर येऊ दे.

लहान मुलांना गाडीत एकटं ठेवू नये. झाडाची सावली असो, काच उघडी असो, दुकान समोर दिसत असो. इथे माझ्या हाताखालचा कोणी यंत्र चालू ठेवून चहाला गेला तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवतो. तो मला सांगतो की साहेब, हा आलोच होतो. सगळे हेच सांगतात. तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचलं तेव्हा मला माझ्या कामगारांचे चेहरे दिसले. तू माझी बहीण आहेस म्हणून मी तुला वेगळं माप लावावं, हे मला जमत नाही. मला स्वतःला मूल नाही, तेव्हा याला काय कळतंय असं तू मनात म्हणशील. म्हण.

आता भिंगरीचं. तिला काहीही सांगू नकोस. गाडी आपोआप सरकली, एवढंच. तू, तुझा बेकर आणि बाबा, तिघांनी हेच धरून राहा. सहा वर्षांच्या पोरीला काय उमगलं असणार? आजोबांचा पाय आपल्यामुळे गेला हे ओझं घेऊन तिनं मोठं व्हावं का? पोरं विसरतात. विसरू द्यावं. तू बोललीस तर तुझं मन हलकं होईल आणि तिचं जड होईल, याचा विचार कर.

बाबांनाही मी हेच लिहितो आहे. त्यांना घरी आणाल तेव्हा मागची खोलीच द्या, तिथे त्यांचं बाइंडिंगचं सामान आहे. हात चालू राहिले की माणूस सावरतो.

रागावलो आहे, तरी माया पातळ झालेली नाही, हे ध्यानात असू दे.

तुझा,
दादा


१९ मार्च

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी तुझ्यावर रुसले होते, तुला कळलंही नसेल. मग परत वाचलं आणि माझं मन हलकं होईल त्या वाक्यापाशी थांबले. तुझं खरं आहे. मला बोलायचं होतं ते माझ्यासाठीच होतं. आम्ही तू म्हणतोस तसं ठरवलं आहे. भिंगरीनं काही विचारलं तर गाडी आपोआप सरकली. पण ती विचारतच नाही.

बाबा घरी आले. नवा पाय अजून मिळायचा आहे, तोवर कुबड्या. पहिल्याच दिवशी खळीचं भांडं मागवलं आणि शेजारच्या वकिलांची फाटकी पुस्तकं घेऊन बसले. शिवण, पुठ्ठे, खळ लावणं सगळं बसून होतं. मात्र पुस्तकं दाबायच्या प्रेसचं चाक फिरवायला उभं राहून जोर लावावा लागतो. तेवढं आमचा बेकर कामावरून आला की करून देतो. एवढं पीठ मळून आलेला माणूस, बाबा त्याला म्हणतात की तुला कणीक आणि पुस्तक यातला फरक कळत नाही, जरा हळू दाब.

मी कामावर जाऊ लागले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून बसवायच्या, कोणाशी बोलावं लागत नाही, तेच बरं आहे. बसनं जाते. गाडी विकून टाकली.

एकच गोष्ट मनाला लागते. भिंगरी बाबांच्या खोलीत पाऊल टाकत नाही. पूर्वी शाळेतून आली की दप्तरासकट त्यांच्या मांडीवर. आता दारावरून जाताना भिंतीला चिकटून जाते. कुबड्यांना घाबरत असेल. बाबा काही म्हणत नाहीत, पण तिची चाहूल लागली की हातातलं काम थांबवतात.

बाकी तुझी भाची हल्ली महाराणी झाली आहे. पाणी हवं असलं तर नळ आम्ही सोडायचा, दिवा आम्ही लावायचा, कपाटाचं दारसुद्धा आम्ही उघडून द्यायचं. बाईसाहेब हात मागे बांधून उभ्या. परवा शेजारीण आली होती, तिच्यासमोर मी म्हटलं की आमच्या घरी एक महाराणी राहते, तिचे हात फक्त जेवायला आहेत. सगळे हसले. भिंगरीही हसली.

गोटूला चार दात आले. माझ्या खांद्यावर त्यांचे ठसे आहेत.

रुसवा गेला. तुझा लोभ आहे तिथेच असेल असं धरून चालते.

तुझी,
ठकू


७ एप्रिल

चि. इंजिनिअरसाहेबांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या बोगद्याला भगदाड पडलं म्हणे पलीकडून. अभिनंदन. माझं मात्र उलटं चाललं आहे, असलेलं एक टोक कमी झालं. नवा पाय आला. दिसायला माझ्या जुन्यापेक्षा देखणा आहे. नुसता पट्टे बांधून बसलो तरी घाम फुटतो, पण जमेल.

तू ठकूला लिहिलेलं पत्र तिनं मला वाचायला दिलं नाही, पण ते आल्यावर तिचा चेहरा मी पाहिला, त्यावरून मजकूर कळला. तू लिहिलंस ते चूक नाही. तरी एक सांगतो. तू तीन वर्षांचा आणि ती तान्ही असताना तुमची आई आणि मी तुम्हाला आपल्या बाइंडिंगच्या दुकानात सोडून समोर कागद उतरवून घ्यायला जायचो. पुठ्ठे कापायचं मोठं पातं तुझ्या डोक्याच्या उंचीवर असे. बाहेरून कडी लावली की आम्हाला वाटायचं पोरं सांभाळली. तुला काही झालं नाही, म्हणून आज तू लोकांना घरी पाठवणारा साहेब आहेस. आम्ही ठकूपेक्षा शहाणे होतो असं नाही. आमचं निभावलं. हे मी तिला पाठीशी घालायला लिहीत नाही. तिनं पोरांना तिथे सोडायला नको होतं. पण तिच्याकडे बघताना मला आमचीच त्या वयातली बेफिकिरी आठवते आणि अंगावर काटा येतो.

पोरीला काही बोलायचं नाही हे मी पाळतो आहे. तुला मात्र सांगतो, मी समोरून पाहिलं होतं. काचेपलीकडे तिचा चेहरा होता, दोन्ही हातांनी चाक धरलेलं. तिनंही मला पाहिलं. आमची नजरानजर झाली होती. त्यानंतर तिनं माझ्याकडे बघितलेलं नाही. तू म्हणतोस पोरं विसरतात. विसरलेलं माणूस असं भिंतीला धरून चालत नाही. पण तुम्ही शिकलेले आहात, थोडं थांबावं म्हणता, तर थांबतो.

पाय गेल्याचं एवढं नाही. ती मांडीवर बसत नाही त्याचं आहे. मांडी तर आहे अजून.

उंदरांना माझा नमस्कार. तब्येतीला जप आणि म्हाताऱ्याकडे लक्ष असू दे.

तुझा,
बाबा


२ मे

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

आज पत्र जरा विस्कळीत होईल, सांभाळून घे.

भिंगरीच्या बाईंनी शाळेत बोलावलं होतं. मला वाटलं अभ्यासाचं काही असेल. बाई म्हणाल्या की ती वर्गाच्या दाराची मूठ धरत नाही. दार बंद असलं तर कोणीतरी येईपर्यंत बाहेर उभी राहते. नळ सोडत नाही, मैदानातला फिरता पाळणा ढकलत नाही, डब्याचं झाकण शेजारच्या मुलीकडून उघडून घेते. एकदा तहान लागली तरी दिवसभर पाणी प्यायली नाही, कारण ती शेजारची आली नव्हती. बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं. तर म्हणाली की मी हात लावला की ते चालू होतं आणि मग थांबत नाही.

दादा, मी तिला महाराणी म्हणत होते. लोकांसमोर म्हणत होते. आणि ती हसत होती.

घरी येऊन मी तिला मांडीवर घेतलं आणि जे ठरलं होतं तेच बोलले. गाडी आपोआप सरकली होती, तुझा काही संबंध नाही, असं पुन्हा म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ज्याला काही माहीत नाही त्याच्याकडे आपण जसं बघतो ना, तसं. मग मान डोलावली आणि माझ्या हातावर थोपटलं. माझी समजूत काढली तिनं.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हात तिचा होता, तिला माहीत नसेल असं आपण धरलंच कसं? आपल्या गप्प बसण्यातून ती एवढंच शिकली, की हे इतकं वाईट आहे की मोठी माणसंसुद्धा त्याचं नाव काढत नाहीत आणि सगळी मिळून खोटं बोलतात. गाडीत मी तिला एका दुपारी एकटं सोडलं. त्यानंतरचे हे सगळे महिने आपण सगळ्यांनी मिळून सोडलं.

तुला दोष देत नाही. सल्ला तुझा होता, पण तो मला सोयीचा होता. बोलायची हिंमत नव्हतीच, तू त्याला शहाणपणाचं नाव दिलंस. आता मी थांबणार नाही, पण सुरुवात कशी करायची तेच कळत नाहीये.

तुझं काय म्हणणं असेल ते लिही. नसेल तर नुसतं पत्र लिही.

तुझी,
ठकू


९ मे

प्रिय ठकूस,
आशीर्वाद द्यायचा आज संकोच वाटतो, तरी देतो.

माझं काही म्हणणं नाही. तुझं पत्र वाचून मी बोगद्यात जाऊन बसलो, तिथे निदान कोणी तोंड बघत नाही. कामगारानं चूक केली तर ती सगळ्यांसमोर बोलायची, लपवायची नाही, असा माझाच नियम आहे इथे. लपवली की ती पुन्हा होते. स्वतःच्या भाचीच्या बाबतीत मी तो नियम कसा काय विसरलो कोण जाणे. बहुतेक मला तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा नव्हता. लांबून सल्ला देणं सोपं असतं.

बाबांनी महिन्यापूर्वीच मला लिहिलं होतं की विसरलेलं माणूस असं भिंतीला धरून चालत नाही. त्या पत्राला मी उत्तर दिलं ते पायाच्या पट्ट्यांबद्दल.

तुला ज्या शब्दांत लिहिलं त्याचंही वाईट वाटतं. मुद्दा आजही तोच आहे, तो मी सोडत नाही. पण तू मला काय करू असं विचारलं होतंस आणि मी तुला तू काय केलंस ते सांगत बसलो.

सुरुवात कशीही कर, फक्त कर. बाबांना सांग की मी चुकलो, त्यांनी थांबायची गरज नाही. रजा मिळाली की येतो.

या वेळी लोभ मागायची पाळी माझी आहे.

तुझा,
दादा


२८ मे

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि भिंगरीला हाक मारली.

ती उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली, हात मागे. बाबा तिच्याकडे न बघता पुठ्ठ्याला खळ लावत बोलत होते. म्हणाले की ब्रेक तू खाली केलास, मी पाहिलं होतं, मला माहीत आहे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मग म्हणाले की त्या गाडीत एक दांडा होता आणि एक लहान मुलगी होती. दांडा होता हे चूक नाही, मुलगी होती हेही चूक नाही. तिथे मोठं माणूस नव्हतं, हे चूक. आणि मी गाडीसमोर आलो तो माझ्या मनानं, मला कोणी ढकललं नाही, परत तशी वेळ आली तर परत येईन.

मग भिंगरीनं विचारलं की दुखतं का. बाबा म्हणाले की दुखत नाही, पण जो भाग नाहीये तिथे कधीकधी खाज सुटते आणि खाजवायला काही सापडत नाही, मोठी पंचाईत होते. ती हसली नाही. पाय बघू का म्हणाली. त्यांनी पट्टे सोडून दाखवला. तिनं नीट, जवळ येऊन पाहिला आणि तिथेच जमिनीवर बसली. त्या दिवशी प्रेसचं चाक फिरवशील का म्हणून बाबांनी विचारलं, तर नाही म्हणाली. अजूनही नाही म्हणते. पण काल नळ तिनं स्वतः सोडला. सोडला आणि लगेच बंद करून पाहिला. मग परत सोडला, परत बंद केला. मी पाणी वाया जातंय म्हणाले नाही.

नंतर माझी पाळी होती. तिचे केस विंचरताना मी पाठीमागून बोलले, समोर बसून मला जमलं नसतं. म्हटलं की तुम्हाला दोघांना तिथे सोडून जाणं ही माझी चूक होती, मी जायला नको होतं, आणि नंतर गाडी आपोआप सरकली म्हणाले तेही खोटं होतं. ती म्हणाली, माहीत आहे. मग मी तिला ते विचारलं, जे आपल्यापैकी कोणालाच विचारायचं सुचलं नव्हतं. तू, मी, बाबा, पोलिसबाई, कोणालाच नाही. आपण सगळे ब्रेक कोणी सोडला यातच अडकलो होतो. मी विचारलं की का सोडलास.

तिनं लगेच सांगितलं, जणू कधीची वाट बघत होती. मी उतरल्यावर थोड्या वेळात गोटू उठला. रडायला लागला. तिनं त्याला गाणं म्हणून दाखवलं, स्वतःची बाहुली दिली, त्यानं फेकली. तो रडून रडून लाल झाला, श्वास अडकायला लागला, म्हणून ती घाबरली. मी तिला दुकानाच्या काचेतून दिसत होते. मी सांगितलं होतं ना, गोटूकडे लक्ष ठेव म्हणून. मग ती पट्टा सोडून पुढे आली आणि मला बोलवायला हॉर्न वाजवला. पुष्कळ वेळा वाजवला. मी वळले नाही. तिला वाटलं, आई लांब आहे, तिला ऐकू येत नाही. ब्रेक खाली केला की गाडी पुढे जाते हे तिनं रोज पाहिलेलं. तिला गोटूला दुकानाच्या दारापर्यंत न्यायचं होतं, माझ्याकडे.

हॉर्न मी ऐकला होता, दादा. काउंटरवरच्या बाईला मी हसून म्हटलं होतं, काय एकेक माणसं असतात, जरा म्हणून धीर नाही.

हे मी भिंगरीला अजून सांगितलेलं नाही. पण सांगेन. तू आलास की सांगेन, तू बाहेरच्या खोलीत बसून राहा.

बाबा बरे आहेत. गोटू धरून उभा राहतो. ये, आणि आमच्यावर आहे ती माया घेऊन ये.

तुझी,
ठकू